नोकरी ४९व्या वर्षी सोडतोय, कंपनीचा मेडिक्लेम संपणार. पुढचं कव्हर कसं लावावं?

उंबरठ्यावर

नमस्कार मंडळी,

येत्या ३१ मार्चला नोकरी सोडायची हे घरात ठरलंय. वय ४९, खासगी कंपनीत २४ वर्षं झाली. पैशांचं गणित बऱ्यापैकी जुळलंय, कर्ज नाही, डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे. त्यावर काथ्याकूट नको. गाडी अडलीय ती आरोग्यविम्यापाशी.

आजवर या विषयात लक्ष घालायची वेळच आली नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सात लाखांचा, त्यात मी, बायको, मुलगा आणि आई. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातच झालं, कार्ड दाखवलं आणि काम झालं. एचआरला विचारलं तर "लास्ट वर्किंग डेपर्यंत कव्हर आहे" एवढं एका ओळीचं उत्तर आलं.

घरातली परिस्थिती अशी: मला सहा वर्षांपासून डायबिटीस, सकाळी एक गोळी, साखर आटोक्यात. बायको ४६, थायरॉइडची गोळी चालू. मुलगा २१, शेवटच्या वर्षाला. आई ७४, बीपी आहे आणि गुडघे कुरकुरतात.

एका एजंटकडून दोघांच्या दहा लाखांच्या फ्लोटरचं (एकच रक्कम सगळ्यांत मिळून) कोटेशन घेतलं, चाळीस हजारांच्या आसपास निघालं. तो म्हणतो, "डायबिटीस फॉर्मवर टाकू नका साहेब, एकच तर गोळी आहे, उगाच लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागेल." मेहुणा म्हणतो, विमा घेऊच नकोस, दरवर्षी तेवढ्याची एफडी करत जा. बायको म्हणते, तुम्ही दोघंही गप्प बसा आणि आधी जाणत्या माणसाला विचारा. म्हणून इथे आलोय.

पॉलिसी आत्ताच घेऊ की एप्रिलमध्ये? आत्ता घेतली तर कंपनीचं कव्हर असताना दुहेरी पैसे जातात. आणि चौघांचा एकच फ्लोटर बरा, की वेगवेगळं?

---

हिशेबी

तुमच्या मेहुण्याशी मी सहमत आहे. मी ५३व्या वर्षी थांबलो, विमा घेतला नाही. वेगळा मेडिकल फंड काढून ठेवलाय, त्याला हात लावत नाही. विमा कंपनी प्रीमियम घेताना गोड बोलते, क्लेमच्या वेळी कागद मागून मागून जीव काढते. स्वतःचा पैसा असला की कुणापुढे हात पसरायला नको. शिस्त असेल तर हा मार्ग वाईट नाही.

---

डेस्क नंबर दोन

@उंबरठ्यावर, मी एका मोठ्या रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर बरीच वर्षं काढली. ५२व्या वर्षी मीही नोकरी सोडली, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी हिशेबी यांच्याबद्दल. फंड मोठा असेल तर ठीकच. पण दरवर्षी चाळीस हजार बाजूला टाकून पाच वर्षांत व्याजासकट सव्वादोन-अडीच लाख जमतात. बायपास किंवा कॅन्सरची केमो तिसऱ्याच वर्षी निघाली तर? एफडी मुरायला वेळ घेते आणि आजारपण कॅलेंडर बघून येत नाही. वीस-तीस लाख फक्त दवाखान्यासाठी अडकवून ठेवायची ऐपत असेल त्यानेच हा खेळ खेळावा. आणि एकदा साठी ओलांडून, दोन-चार आजार लावून घेऊन मग "आता विमा घेतो" म्हटलं तर दार उघडेलच असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४मध्ये प्रवेशासाठीची वयाची अट काढली, हे खरं. त्याचा अर्थ कंपनीने वयस्कांसाठीही पॉलिसी विकायला ठेवावी, एवढाच. तुमचा अर्ज मंजूर करायचा की नाही, हे अजूनही तीच ठरवते.

आता तुमचा पहिला प्रश्न. आत्ताच घ्या, आज घेतली तर उद्यावर ढकलू नका. तुम्ही त्याला दुहेरी पैसे म्हणताय, पण तो वेटिंग पिरियडचं घड्याळ आधी चालू करायचा खर्च आहे. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं असल्या ठरावीक यादीला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारांना, म्हणजे तुमच्या डायबिटीसला, जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी हे ४८ होते, एप्रिल २०२४पासून ३६ झाले. ही सगळी घड्याळं कंपनीचं कव्हर डोक्यावर असताना जितकी पळतील तितकी पळू द्या. शिवाय कोटेशन म्हणजे पॉलिसी नव्हे. तुम्हाला मेडिकल टेस्ट सांगतील, रिपोर्ट अंडररायटरकडे, म्हणजे कंपनीत अर्जाची जोखीम तपासणाऱ्याकडे, जाईल, तो लोडिंग लावेल किंवा नाही म्हणेल. नकार आला तर दुसरीकडे अर्ज करायला हातात वेळ हवा. तो नकार एप्रिलमध्ये आला तर तुम्ही उघड्यावर.

दुसरी वाट कोणी सांगितली नसेल, कारण त्यात एजंटचं फारसं काही सुटत नाही. ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात, मात्र ग्रुपमध्ये जेवढी रक्कम होती तेवढ्यापुरतीच. तुमच्या बाबतीत सात लाख. दहाची घेतलीत तर वरच्या तीन लाखांना नव्याने थांबायचं. यातही कंपनी तपासणी करू शकते, प्रीमियम नव्या पॉलिसीच्या दराने पडतो, आणि ग्रुपमधली लाडाकोडाची कलमं सोबत येत नाहीत. पण सहा वर्षांच्या डायबिटीसवाल्याला ही वजावट फार मोलाची.

त्यासाठी एचआरकडून "कव्हर आहे" या एका ओळीवर समाधान मानू नका. लेखी मागा: कोणत्या कंपनीची पॉलिसी, तुम्ही चौघं कधीपासून सलग नावावर आहात, प्रत्येक वर्षी रक्कम किती होती. ग्रुपची विमा कंपनी अधूनमधून बदलते, त्यामुळे आधीच्या वर्षांचे कागदही लागतात. माणूस कंपनीतून बाहेर पडला की त्याच्या ईमेलला उत्तर द्यायची कुणाला घाई नसते. हे सगळं राजीनाम्याच्या नोटिशीतच उरकून घ्या, विमा कंपनीला अर्जही निघण्याआधी महिना-दीड महिना.

आता तो एजंट. त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा. "टाकू नका साहेब" म्हणणारे क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाहीत. डेस्कवर काय व्हायचं ते सांगते. पेशंट पोटदुखीने भरती होतो, ड्यूटीवरचा डॉक्टर केसपेपरवर हिस्टरी लिहितो. बायको सरळपणे सांगते, "यांना सहा वर्षांपासून शुगर आहे." झालं, तो कागद कॅशलेसच्या विनंतीसोबत विमा कंपनीकडे जातो. तिकडचा डॉक्टर तीच ओळ पकडून प्रपोजल फॉर्म काढतो, तिथे डायबिटीससमोर 'नाही'. पोटदुखीचा शुगरशी संबंध असो वा नसो, माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला जातो आणि पॉलिसीही जाऊ शकते. घरच्यांना तर कळतही नाही की आपल्याच तोंडून काय गेलं. लोक म्हणतात, पाच वर्षं झाली की विचारत नाहीत. ६० महिन्यांचा मोरॅटोरियम आहे, बरोबर. सलग ६० महिने झाले की माहिती दिली नाही या मुद्द्यावर क्लेम अडवता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण ती पाच वर्षं धडधाकट जातील याची हमी काय? आणि जाणूनबुजून 'नाही' लिहिलेला माणूस स्वतःच त्या अपवादाच्या काठावर उभा असतो.

फॉर्म स्वतः भरा. गोळीचं नाव, डोस, कधीपासून, सगळं. बायकोचं थायरॉइडही. पॉलिसी हातात आली की सोबत फॉर्मची प्रत येते, ती ओळ न् ओळ वाचा. काही चुकीचं असेल तर लगेच लेखी कळवा. पसंत नसेल तर ३० दिवसांत परत करता येते.

चौघांचा एक फ्लोटर मुळीच नको. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर बसतो, म्हणजे आईच्या ७४ वर्षांवर तुमचा मुलगा तोलला जाणार. तुमचा दोघांचा एक, आईचं वेगळं. मुलाला तूर्त तुमच्यात ठेवा. बऱ्याच पॉलिसींत अवलंबून असलेली मुलं २५ वर्षांपर्यंत चालतात. नोकरी लागल्यावर त्याला त्याचं ग्रुप कव्हर मिळेल, तरी स्वतःची छोटी पॉलिसी काढायला लावा, म्हणजे त्याच्यावर ४९व्या वर्षी धागा काढायची वेळ येणार नाही.

आईसाठी आधी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आधारवर काम होतं, खासगी विमा असला तरी चालतं. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून. नोंदणीकृत रुग्णालयातच चालतं, म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयात कोणते विभाग त्यात आहेत ते आजारी पडण्याआधी बघून ठेवा. आईसाठी नवी खासगी पॉलिसी मिळाली तर त्यात बहुधा को-पे असेल, बिलातला ठरावीक टक्का तुमचा. तरी मायग्रेशनमध्ये त्यांचं नाव जरूर टाकून बघा.

आणि एक कलम तेवढं वाचाच: रूम रेंट. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडं एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० अशी मर्यादा आहे समजा. तुम्ही ८,०००ची खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार रोज आपण भरू, संपलं. नाही हो. खोली, सर्जन, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हा सगळा गट त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांश होतो. त्याचं बिल २,४०,००० असेल तर १,५०,००० मंजूर, ९०,००० तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, पण दुखायचं ते दुखतंच. डिस्चार्जच्या दिवशी याच कारणावरून माझ्या टेबलावर किती आवाज चढले असतील! रूम रेंटला मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

---

उंबरठ्यावर

ताई, एवढं तपशिलात लिहिलंत, मनापासून आभार. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "बघा." एचआरला आजच ईमेल टाकतो. एजंटला उद्या.

एकच शंका. दहा लाख पुरतील का? मोठी रक्कम घ्यावी तर प्रीमियम झेपायला हवा, पुढे पगार नाही.

---

सावकाश

मी या डोकेदुखीतून गेलोय म्हणून लिहितो. मूळ पॉलिसी मध्यम आणि वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपुढचा खर्च देणारी पॉलिसी), हे सर्वांत स्वस्त पडतं. पण 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यात गल्लत करू नका. समजा मूळ पॉलिसी पाच लाखांची आणि वरचीला पाच लाखांचं डिडक्टिबल, म्हणजे तेवढ्यापुढचाच खर्च ती देते. एका वर्षात दोनदा भरती झालात, दोन्ही वेळा चार-चार लाख. साधा टॉप-अप प्रत्येक भरती वेगळी मोजतो, चार लाख पाचाच्या आत, एक रुपया देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो: आठ लाखांपैकी पाच मूळ पॉलिसीने दिले, उरलेले तीन हा देतो.

शक्यतो दोन्ही एकाच कंपनीच्या घ्या, नूतनीकरणाची तारीखही एकच ठेवा. वर्षं एकमेकांशी जुळली नाहीत तर डिडक्टिबल मोजताना गोंधळ होतो. आणि सुपर टॉप-अपलाही स्वतःचा वेटिंग पिरियड असतो, हे बहुतेक जण विसरतात.

प्रीमियमचं म्हणाल तर आजचे चाळीस हजार आयुष्यभर धरू नका. वयाचा गट बदलला की उडी बसते, शिवाय उपचार महागले की कंपनी सगळ्यांचेच दर वाढवते. मी माझ्या हिशेबात प्रीमियमची वाढ घरखर्चाच्या महागाईपेक्षा बरीच जास्त धरलीय आणि त्यासाठी वेगळी गंगाजळी ठेवलीय. तेवढ्यापुरतं हिशेबी यांचं म्हणणं पटतं, फंड हवाच, पण विम्याच्या जोडीला. ओपीडी, दात, चष्मा, रोजच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत नसतातच. ते कुठून येणार?

दिलासे दोन आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. आणि जानेवारी २०२५च्या आदेशानुसार साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. साठीपर्यंत तुम्हाला ११ वर्षं आहेत, तोवर हे कवच नाही. आरोग्यविम्याच्या प्रीमियमवरची करवजावट (८०डी) जुन्या करप्रणालीतच मिळते. पगार गेल्यावर ती तुमच्या किती कामाची, ते सीएला विचारा. नुसत्या करासाठी पॉलिसी निवडू नका.

---

हिशेबी

सुपर टॉप-अपचं माहीत नव्हतं. मोठं डिडक्टिबल ठेवून नुसताच तो घेता येतो का? म्हणजे दहा लाखांपर्यंत माझा फंड, वर विमा?

---

डेस्क नंबर दोन

@हिशेबी, येतो. खालची पॉलिसी असलीच पाहिजे अशी सक्ती नाही, डिडक्टिबलची रक्कम खिशातून भरली तरी चालते. बिलं मात्र जपून ठेवा, दहा लाख खर्च झाले हे कागदावर दाखवावं लागतं. तुमच्यासारख्याला हे छान बसेल. पण वय आणि तब्येत बघून उद्याच अर्ज करा, पुढच्या वर्षी नको.

@उंबरठ्यावर, रक्कम. मी असते तर मायग्रेशनमधून सात लाखांची मूळ पॉलिसी, कारण तेवढ्याला जुनी वर्षं लागू होतात, आणि वर सात लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, जेवढा मोठा झेपेल तेवढा. तो आत्ताच घेऊन टाका. कंपनीचं सात लाखांचं कव्हर अजून खाली आहेच, त्यामुळे मार्चपर्यंत तो रिकामा बसणार नाही. मायग्रेशन फिसकटलं तर बाहेरून घेतलेली पॉलिसी हातात असावी, म्हणून तिकडचा अर्जही थांबवू नका. दोन्ही मंजूर झाल्या तर बाहेरची ३० दिवसांच्या आत परत करा.

एप्रिलनंतरचं एक सांगायचं राहिलं. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका आणि बायकोच्याही फोनमध्ये टाका. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरलात तर जुनी वर्षं शाबूत राहतात, पण मधल्या दिवसांत भरती झालात तर तो क्लेम मिळत नाही. आजवर प्रीमियम कंपनी भरत होती, तुम्हाला सवय नाही, म्हणून आवर्जून लिहिते.

कधी क्लेम अडलाच तर डेस्कवरच्या मुलीवर ओरडू नका, तिच्या हातात काही नसतं. नकार लेखी घ्या, कारण आणि पॉलिसीतलं कलम दोन्ही नमूद करून. आता स्वतःच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या संमतीशिवाय विमा कंपनीला नकार देता येत नाही, तेव्हा कमिटीने तो पाहिला का, हेही विचारा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षभराच्या आत मात्र जायला हवं.

---

उंबरठ्यावर

एचआरचं उत्तर आलं. गेल्या तीन वर्षांचे कागद देतो म्हणाले, त्याआधी विमा कंपनी दुसरी होती, "ते जुन्या ब्रोकरकडे असतील." ब्रोकरचा नंबर मागून घेतलाय. सुपर टॉप-अपचा फॉर्म काल रात्री मीच भरला, डायबिटीस, गोळीचं नाव, डोस, सगळं टाकून. मेडिकल टेस्ट शनिवारी सकाळी, उपाशीपोटी बोलावलंय. लोडिंग किती लागतं ते आलं की इथे टाकतो.